येसूबाईची फणी आणि करड्याच्या जटा

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी फणी. माझे अकरा दात पडलेत, तेव्हा बोलण्यात कुठे फट राहिली तर सांभाळून घ्या.

महाडच्या बाजारात एका म्हाताऱ्या फणीवाल्याने बारीक करवतीने माझा एकेक दात कापला. एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. दासगावच्या भागोजींनी आपल्या लेकीच्या, येसूबाईच्या लग्नात मला घेतले आणि तिच्याबरोबर मी पोलादपुराकडच्या कापडे गावी आले. तिचा नवरा रावजी मुंबईला गिरणीत होता. घरी सासू तुळजाबाई आणि सासरे सयाजी. येसूबाईचे केस गुडघ्यापर्यंत! रोज सकाळी खोबरेल तेलात न्हाऊन मी त्यातून फिरायची. खरे सांगते, मला त्याचा फार ताठा होता. शेजारच्या अडकित्त्याशीसुद्धा मी धड बोलत नसे.

घरी करड्या नावाचा कुत्रा होता. भाताची राखण करायचा, रानडुकरे हुसकायचा. तो चिखलाने भरून अंगणात आला की मी मनातल्या मनात नाक मुरडायची.

साल असेल अठ्ठावन्न. भाताला लोंब्या आल्या होत्या आणि करड्याच्या अंगावर गोचिडी झाल्या. कानांत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. अंगावरच्या केसांच्या जटा झाल्या. खाजवून खाजवून बिचारा मेटाकुटीला आला. तेव्हा सयाजींनी बैलाला करतात तोच उपाय केला. तंबाखू उकळली आणि ते पाणी करड्याच्या अंगाला चोळले. चूक झाली ती इथेच. बैलाला दावे आखूड बांधतात, अंग वाळेपर्यंत त्याला ते चाटता येत नाही. करड्या तर मोकळा. तो पडवीत जाऊन बसला आणि सगळे अंग चाटू लागला.

थोड्याच वेळात त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. पाय लटपटले आणि तो आडवा झाला.

"माज्याच हातानं मारला गो मी त्याला," म्हणत सयाजी मटकन खाली बसले.

येसूबाईने घागरीवर घागरी ओतल्या. पण जटांत मुरलेले तंबाखूचे पाणी निघेना, आणि करड्या पडल्या पडल्या जीभ तिकडेच नेत होता. जटा सुटल्याशिवाय त्याचा जीव वाचणार नव्हता. येसूबाई धावत आत आली आणि तिने मला उचलले.

तुळजाबाई दारात आडव्या आल्या. "अगो, डोक्याची फनी ती. कुत्र्याला लावलीस तर परत तुज्या केसाला लागायची नाय. बापानं दिलेली हाय ना?"

"हाय. पन तो मरतोय, आत्याबाई. वाट द्या."

सयाजींनी करड्याचे डोके मांडीवर घेतले. कातडी ओढली जाऊ नये म्हणून येसूबाईने जट मुळाशी बोटांत धरली आणि टोकाकडून थोडी थोडी सोडवत वर आली. जट सुटली की लगेच तिथे पाणी ओतून तंबाखू धुऊन काढी. मी शरमेने अर्धी झाले होते. ते फक्त पहिल्या जटेपर्यंत.

काय सांगू मित्रांनो! वरचे केस राठ, पाऊस निथळून जावा असे. आणि त्यांच्याखाली दुसरेच केस, सावरीच्या कापसासारखे मऊ. मानेवर ते एका दिशेने वाहत होते, पोटाकडे दुसऱ्या, आणि छातीवर त्यांचा एक भोवराच होता. एवढे सगळे कुणी, कधी विंचरून ठेवले? मी थक्क झाले. मग माझ्या दातांना बरगड्यांखालची धडधड लागली. मंद, थांबत थांबत चाललेली. येसूबाईच्या डोक्यावर इतकी वर्षे फिरले, पण काळीज मला कधी भेटले नव्हते. माझे दात मोडत होते आणि मला त्याचे भान नव्हते. मी फक्त ती धडधड मोजत होते.

ऊन कलले तेव्हा ती धडधड सरळ चालू लागली. करड्याने मान उचलली, उठला, आणि अंग झाडून सगळ्यांना भिजवले. सयाजी तोंड फिरवून डोळे पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी येसूबाईने एकेक गोचीड कातडीलगत धरून उपटली. मला मात्र गोठ्यातल्या खिळ्याला टांगले. घरातले कुणी मला शिवेना.

चौथ्या दिवशी दुपारी गोठ्यात तुळजाबाई आल्या. कुणी बघत नाही ना, हे पाहून त्यांनी मला काढले आणि करड्यापाशी बसल्या. "सर रे हिकडं." त्यांनी त्याच्या मानेवरचे केस बोटांनी बाजूला केले, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"आतनं केवढा मऊ हायेस रे तू," त्या हळूच म्हणाल्या. दहा वर्षे तो त्यांच्या दारात होता.

मित्रांनो, तुमच्याही दारात असा कुणी असेल. बैलाचे औषध त्याला लावू नका. आठवड्यातून एकदा त्याचे केस विंचरा, कानांमागे बघा, दुखते कुठे ते तो बोलून सांगणार नाही. आणि त्याच्या अंगावरून हात फिरवायला दहा वर्षे लावू नका.