अकरा आणि बारा नंबरची डबी

२००९ सालची गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उज्वला माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम करायची. पेठच्या बाजूच्या एका पाड्यावरून शौचाचे नमुने डब्यांतून यायचे. त्यातले जिवाणू वाढवून त्यांचा डीएनए वाचायला हैदराबादला जायचा आणि परत यायचे ते नुसते तुकडे, लाखोंनी. ते कॉम्प्युटरवर जोडून एकेका जिवाणूचा अख्खा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा अक्षरांत लिहिलेला पूर्ण मजकूर, उभा करायचा, हे तिचं काम.

अकरा नंबर कुसाबाईचा, बारा तिच्या सुनेचा, मैनाचा. एका घरातल्या माणसांचे थोडेफार जिवाणू सारखे निघतात, हे उज्वलाला ठाऊक होतं. पण इथे दोन्ही डब्यांतून वाढवलेल्या सहाच्या सहा जिवाणूंचे जीनोम अक्षरन् अक्षर एकच निघाले.

संशय सरळ प्रयोगशाळेतल्या निवृत्तीवर गेला. डब्या वाटणारा, गोळा करून आणणारा तोच. कंटाळा करून एकाच नमुन्याचे दोन भाग केले असणार. मग तिला त्याचं सगळंच खटकायला लागलं. पाड्यावरून तो इतक्या लवकर कसा परततो? विचारलं की खाली का बघतो? तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या कानावर घातलं. निवृत्ती एवढंच म्हणाला, की दिल्या तशा आणल्या. त्याचं काम बंद झालं.

बाकीच्या नमुन्यांवर तरी भरवसा ठेवावा का, हे बघायला उज्वला स्वतः पाड्यावर गेली. कुसाबाई अंगणात नागली पाखडत होती. दारात मैना उभी होती, सात महिन्यांची पोटुशी. दोन्ही डब्या एकाच माणसाच्या निघाल्यात, मग बारा नंबरच्या डबीत कोणाचं होतं, असं उज्वलाने विचारलं.

कुसाबाईचं सूप थांबलं. "दोन्ही माझंच. पोटुशी बाईचं असलं काय परक्याच्या हाती देत नाय. त्याच्यावर कोण काय करंल, काय ठावं?"

"निवृत्तीला माहीत होतं?"

"त्याला कशाला सांगू? तो बी तुमचाच माणूस."

यात करणीबिरणी काही नसते, आम्ही फक्त जिवाणू बघतो, असं उज्वला समजावत राहिली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"मंग दोन्ही माझंच हाय, हे तिकडं नाशकात बसून तुला कसं कळलं?"

उज्वला सांगू लागली, तशी कुसाबाईने मैनाला खुणेनेच घरात पाठवलं.

नाशिकला येऊन उज्वलाने सरांपुढे चूक कबूल केली, बारा नंबर अभ्यासातून काढला आणि निवृत्तीची माफी मागितली. तो कामावर परत आला. पण आता प्रत्येक डबीसोबत देणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा घेतलेली चिठ्ठी आणायचा आणि ती टेबलावर ठेवून, उज्वलाची सही झाल्याशिवाय हलायचा नाही.