तिजोरीतला रिकामा हूक

आमच्या वर्लिनला पिस्तुलं जमवायचा नाद आहे. असू दे बापडा. आर्कान्साच्या ह्या डोंगरांत नवऱ्याला एवढा एकच नाद असला, तर चर्चमधल्या बायका त्याचं कौतुकच करतात. माझी तक्रार पिस्तुलांबद्दल नव्हतीच. तो ती माझ्यापासून लपवायचा, त्याबद्दल होती. भिंतीवरच्या घड्याळामागे, मासेमारीच्या पेटीत, पियानोच्या पोटात, कुठेही. एखादं नवं कोरं माझ्या हाती लागलं की म्हणायचा, "अगं ओलीटा, हे जुनंच आहे. तुझ्या लक्षात नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, शेजाऱ्यांच्या कुत्र्यांचे वाढदिवस माझ्या लक्षात असतात. पिस्तुलं तेवढी राहत नाहीत म्हणे. शेवटी ह्या वसंतात मी त्याला बायबलवर हात ठेवायला लावला. "आता एकही घेणार नाही," असं तो शपथेवर म्हणाला.

उन्हाळ्यात आमच्या लेकीचा, जॅनेलचा फोन आला. ती लिटल रॉकला इस्पितळात नर्स आहे. पोरांच्या हाती बंदूक लागली की काय होतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे तिची टेसा पाच वर्षांची झाली तरी आमच्याकडे एक रात्रही राहिली नव्हती. "डॅडी, सगळी पिस्तुलं कुलपात गेली तर टेसा आठवडाभर राहील," जॅनेल म्हणाली. "सगळी म्हणजे सगळी. शनिवारी मी स्वतः येऊन बघणार."

वर्लिन असा हुरळला की दुसऱ्याच दिवशी कपाटाएवढी तिजोरी घेऊन आला आणि जमिनीत बोल्ट मारून पक्की बसवली. घरभर फिरून त्याने पिस्तुलं गोळा केली. आधी ती चामड्याच्या म्यानांसकट आत कोंबली, बटाट्याच्या पोत्यासारखी. मग त्याला आठवलं की चामडं ओल धरतं आणि लोखंड गंजतं. सगळी बाहेर काढली, एकेक उघडून रिकामं असल्याची खात्री केली, तेल लावलं, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या. गोळ्यांची पेटी वेगळी, तिचं कुलूप वेगळं. मग जाड तारेचे हूक वाकवले, त्यांवर रबर चढवलं आणि फळीखाली ओळीने लावले. हूक नळीत सरकवायचा की पिस्तूल उलटं लटकतं, जागा निम्मी लागते. प्रत्येक पिस्तुलाच्या मापाचा एकेक हूक. काम नेटकं केलं, मी नाही म्हणणार नाही.

फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. पोत्यातले बटाटे कोणी मोजत नाही. दोरीवर वाळत घातलेले मोजे मात्र कोणीही मोजतं.

"वर्लिन, तू तर सात-आठ म्हणत होतास?"

"आतल्या दिव्यामुळे जास्त दिसतात गं."

"बरं. आणि हा एक हूक रिकामा का?"

त्याचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला. "तो होय? तो असाच. जादाचा."

जादाचा! वसंतातली शपथ मोडून आणलेलं पिस्तूल त्याने माझ्या मुरंब्याच्या मोठ्या पातेल्यात लपवलं होतं. पीच पिकेपर्यंत तिकडे कोण बघतंय, असा त्याचा हिशेब. यंदा पीच लवकर पिकले, त्याला मी काय करणार? पिस्तुलात गोळी नव्हती, तेवढी अक्कल शाबूत होती. मी ते माझ्या शिवणाच्या लोखंडी पेटीत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. आणि गप्प बसले.

मग काय मजा! मला विचारावं तर शपथ मोडल्याचं कबूल करावं लागणार, न विचारावं तर पिस्तूल सापडेना. बिचारा पातेल्यापाशी आला. पातेल्यात पीच रटरटत होते. त्याने झाकण उचललं आणि चष्म्यावर वाफ घेत आत बघत राहिला.

"काय शोधतोयस?"

"काही नाही. वास छान येतोय."

"तळाशी बघ, तिथे जास्त छान येतो."

 त्याने कोंबड्यांची खुराडी उपसली, गाद्या उलथ्या केल्या, तरी तोंड उघडलं नाही. मग मात्र मला हसू येईना.

शनिवारी जॅनेल आली. टेसा उशी काखेत घेऊन गाडीतून उडी मारूनच उतरली. "आजोबा, माझा पलंग कुठाय?" तिला मी ओसरीवर बिस्किटं देऊन बसवलं. जॅनेलने तिजोरीचं दार ओढून पाहिलं, कुलूप फिरवून पाहिलं, गोळ्यांची पेटी पाहिली. तिचा चेहरा निवळत चालला होता.

"छान केलंय, डॅडी. सगळी आहेत ना?"

मी हाताची घडी घालून दाराशी उभी. वर्लिनने बाहेर टेसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक 'हो' म्हटलं की काम झालं असतं.

"नाहीत," तो म्हणाला. "एक सापडत नाहीये. टेसाला घेऊन जा, पोरी." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओलीटा, मी शपथ मोडली गं." डोळे पुसायला त्याला तेलाचं फडकंच मिळालं.

मी शिवणाची पेटी उघडली, पिस्तूल काढलं आणि रिकाम्या हुकावर लटकवलं. मापात बसलं.

त्याने आ वासला. "तुला... कधीपासून?"

"अरे, हे जुनंच आहे. तुझ्या लक्षात नाही."

जॅनेल हसत सुटली. तिजोरीच्या कुलपाचा नंबर मी तिथल्या तिथे बदलून घेतला. आता पिस्तुलं बघायची असली तर वर्लिन मला विचारतो. मी कधी उघडून देते, कधी म्हणते, आधी भांडी घास.

जॅनेल टेसाची बॅग आत न्यायला गेली, तेव्हा तिला दारामागे आणखी एक बॅग दिसली. भरलेली, वर माझी चर्चची टोपी.

"ममा, तू कुठे निघाली होतीस?"

"तुझ्याच गाडीतून, तुझ्याकडे," मी म्हटलं. "तो 'हो' म्हणाला असता तर."