जल्लादाला खांदा

"चार खांदे द्या, साहेब. दुसरं काही मागत नाही मी."

ऑटिली नगरभवनाच्या पायरीखाली उभी होती. जल्लादाच्या बायकोने आमचा उंबरा ओलांडायचा नसतो. म्हणून दारात नगराध्यक्ष ब्राखफोगेल, आणि त्यांच्यामागे त्यांचा लेखनिक, म्हणजे मी. तिचा नवरा फाइट आदल्या दिवशी तापाने गेला होता. जल्लादाच्या शवपेटीला हात लावणारा बाटतो, आणि बाटलेल्याला त्याचे जातभाई कारागीर पंगतीतूनच काय, धंद्यातूनही उठवतात.

"बघतो," साहेब म्हणाले.

"बघायला वेळ कुठाय? उन्हाळा आहे हो!"

साहेब कायद्याचे डॉक्टर. असला विटाळ कायद्यात कुठेच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी बर्फावर घसरून त्यांचा उजवा हात मोडला. मोडलेली हाडं आमच्याकडे न्हावीच बघतो; तो म्हणाला, कापावाच लागेल. हाडांची जाण जल्लादाइतकी कुणालाच नसते, म्हणून तेव्हा फाइटला मागच्या दाराने मीच घेऊन आलो होतो. त्याने हाड असं बसवलं की आज साहेबांची सही गावात सगळ्यांत देखणी. ऑटिलीला हे माहीत होतं, पण त्या पायरीखाली ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी सभा बसली. चांभारांचा म्होरक्या कुंत्स म्हणाला, "कायदा तुमचा साहेब, पण खांदा कुणाचा? तुम्ही व्हा पुढं, आम्ही आलोच मागनं!"

सगळे फिदीफिदी हसले. साहेबांनी फक्त खुर्चीतून उठायचं होतं. खुद्द नगराध्यक्षाने खांदा दिल्यावर विटाळाचं नाव कुणी काढलं असतं? पण नव्या नगराध्यक्षाची निवड आठ दिवसांवर आली होती. साहेबांनी घसा खाकरला.

"प्रश्न नाजूक आहे. विद्यापीठाच्या कायदेपंडितांचं मत मागवू."

अडलेला खटला विद्यापीठाकडे धाडायची आमच्याकडे रीतच आहे. कितीतरी नगराध्यक्षांनी त्या रीतीआड कातडी बचावली आहे. पण खटला थांबतो, प्रेत थांबत नाही. मी सुवाच्य अक्षरात प्रश्न लिहिला: अब्रूदार माणसाने जल्लादाला खांदा दिल्यास त्याची अब्रू जाते काय? साहेबांनी सही केली, त्याच हाताने. मला स्वतःची लाज वाटली, आणि मी सहीवर वाळू टाकून शाई टिपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटिली आणि तिची मुलगी पेटी हातगाडीवर घालून निघाल्या. बाजारातल्या चढावर चाक दगडांत रुतलं. खिडकीखिडकीत माणसं होती, रस्त्यावर एक नाही. एका खिडकीत साहेब आणि मी.

"तिथं चढ जरा जास्तच आहे, नाही?" साहेब पुटपुटले.

"हो," मी म्हणालो.

बराच वेळ झटून त्या दोघींनीच चाक सोडवलं.

साहेब पुन्हा निवडून आले. तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं उत्तर आलं: अब्रू जात नाही. मी म्हटलं, मी देऊन येतो. पण साहेब स्वतः निघाले. वेशीजवळच्या तिच्या दारात उभं राहून त्यांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ऑटिली कमरेच्या फडक्याला हात पुसत ऐकत होती.

"म्हणजे खांदा देता येत होता."

"येत होता."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

साहेबांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "माहीत होतं."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि दार सताड उघडलं. "उन्हातनं आलात. आत या, गार बिअर आहे."

साहेबांनी पाऊल उचललं, आणि गल्लीत दोन्ही बाजूंना एकदा बघून घेतलं. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू?

ऑटिलीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"राहू द्या, साहेब," ती हळूच म्हणाली, आणि आम्हाला तोंड फिरवायची वेळ येऊ नये म्हणून तिनेच आधी दार लोटून घेतलं.