रोज सकाळी कोरा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या कडांचा रंग उडाला आहे, स्पेसची लांब पट्टी मधोमध गुळगुळीत झाली आहे आणि झाकण उघडताना उजवी बिजागरी कुरकुरते. पण मला लाज वाटते ती याची नाही. वय झालं की एवढं चालायचंच. मला लाज वाटते माझ्या विसरण्याची, आणि त्या विसरण्यापायी सात वर्षांच्या एका मुलीला जे ऐकून घ्यावं लागलं त्याची.

तुम्ही म्हणाल, हा सगळं विसरतो तर गोष्ट कशी सांगतो? फायली पोटात ठेवाव्या लागतात. लाज मात्र अंगालाच चिकटून बसते, ओल्या कपड्यासारखी.

कारखान्यातलं मला फारसं काही सांगता येणार नाही. पुष्कळ हात, पांढरा उजेड, मग खोकं. खोकं उघडलं ते संगणक शिकवणाऱ्या एका संस्थेत. लांबच लांब टेबलावर आम्ही भावंडं ओळीने बसलो. मुलं यायची आणि काय वाटेल ते करायची. कुणी पडद्यावर भुतं लावायचं, कुणी अक्षरं उलटी करून ठेवायचं, कुणी सरांची पाठ वळली की गुपचूप खेळ उतरवून घ्यायचं. संध्याकाळी सर आम्हाला बंद करत. सकाळी चालू केलं की भुतं नाहीत, खेळ नाही, पहिल्यासारखा स्वच्छ निळा पडदा. सर नव्या मुलांना कौतुकाने सांगत, "कितीही धिंगाणा घाला, सकाळी हा आपला आंघोळ करून बसलेला असतो." मुलं हसायची आणि मी आतल्या आत फुगायचो. मला वाटायचं, चांगलं यंत्र म्हणजे विसरणारं यंत्र. त्या वर्गात विसरण्यात माझा पहिला नंबर होता.

मग नवी यंत्रं आली आणि आमची रवानगी मागच्या खोलीत झाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. तिथे धूळ खात किती काळ गेला कोण जाणे. एकदा वर्गाच्या भिंती रंगवायला एक रंगारी आला. त्याने सरांना विचारलं, यातला एखादा चालू आहे का, मुलीला हवाय. सरांनी मला पुसलं, चालू करून दाखवलं आणि त्याच्या हाती दिलं. त्याने मला रंग न लागलेल्या एका चादरीत गुंडाळून घरी नेलं. इतक्या जपून मला त्याआधी कुणी उचललं नव्हतं.

घरात ती मुलगी होती. जन्मली तेव्हा गोल गरगरीत होती म्हणून तिला सगळे गोटी म्हणत. गोटी बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर तिच्या ओठांवर येऊन थांबायचं, दार गच्च बसल्यासारखं. दुसऱ्या गावातल्या एक बाई अशा मुलांना बोलायला शिकवत. दर बुधवारी शाळा सुटल्यावर त्या माझ्या पडद्यावर दिसत. त्यांनी गोटीला काम दिलं होतं: रोज एक छोटा उतारा मोठ्याने वाचायचा, माझ्यात रेकॉर्ड करून ठेवायचा आणि बुधवारी ऐकवायचा.

गोटी ते काम एकटीनेच करायची. कुणी ऐकत असलं की तिचं जास्त अडायचं, म्हणून ती आईला खोलीबाहेर घालवायची आणि दार लोटून घ्यायची. आईलाही ते बरंच होतं, कारण धाकटं बाळ तिच्या कडेवरून उतरायला तयार नसायचं. गोटी माझ्यासमोर पाय हलवत बसायची आणि वाचायची. अडली की थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा सुरू करायची. संपलं की सेव्हचं बटण दाबून बोटाने माझी कड थोपटायची. संध्याकाळी आई मला नीट बंद करून ठेवायची. आणि मी माझ्या जुन्या सवयीने सगळं पुसून टाकायचो.

मला ते कळत नव्हतं, मित्रांनो. मला फक्त एवढंच दिसायचं, की रोज सकाळी मी वायफायचा पासवर्ड मागायचो आणि आईच्या कपाळाला आठी पडायची. पासवर्डची चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. आई एका हाताने बाळ सांभाळत, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने तो लांबलचक पासवर्ड घालायची. "शेजारच्या विसराळू काकूंनाही मी माझं नाव इतक्या वेळा सांगितलं नसेल," ती पुटपुटायची. एकदा तिने माझ्या पडद्यावर दोन्ही मुलांचा फोटो लावला. सकाळी पुन्हा निळा पडदा. तिने गोटीलाच विचारलं, तू काही दाबलंस का. गोटीने नाही म्हणून मान हलवली. आईने सुस्कारा सोडला आणि विषय सोडून दिला.

पहिल्या बुधवारी बाईंनी उतारे ऐकायला मागितले तेव्हा फोल्डर रिकामं निघालं. सेव्ह करायचं राहिलं असेल, असं आईच म्हणाली. दुसऱ्या बुधवारी पुन्हा रिकामं निघालं.

"मी के... के... केलं होतं," गोटी म्हणाली.

आईला रात्रभर बाळाने झोपू दिलं नव्हतं. समोर बाई वाट पाहत होत्या. "गोटी, खोटं बोलू नकोस," आई म्हणाली. "नाही केलं तर नाही केलं म्हण."

गोटीचे कान लाल झाले. ओठ हलले, पण दार गच्च बसलं ते उघडेच ना. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं खरं सांगू शकणारा त्या खोलीत मी एकटाच होतो, आणि मलाच काही आठवत नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, की पुष्कळ मुलं वाट पाहत आहेत, सरावाशिवाय ही वेळ तिच्यासाठी राखून ठेवणं कठीण आहे. अजून एक आठवडा बघू आणि मग ठरवू.

त्यानंतर गोटी माझ्याजवळ फिरकली नाही. घरात ती मानेनेच बोलू लागली. हो म्हणजे मान खाली-वर, नाही म्हणजे आडवी. बाबांनी कामावरून आल्यावर गमतीने विचारलं, माझी गोटी कुठे घरंगळली, तर ती हसलीही नाही. आपण मुलीला खोटेपणा शिकवतोय की मुलीला आपली भीती वाटते, हे आईला कळेना.

निदान पुढच्या बुधवारी पासवर्डात वेळ जायला नको, म्हणून तिने इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो स्टुलावर चढला, त्याने कपाटावरच्या राउटरचे दिवे बघितले, स्वतःचा फोन जोडला, राउटर बंद करून पुन्हा चालू केला. फोन आपोआप जोडला गेला. "ताई, राउटर ठणठणीत आहे," तो खाली उतरत म्हणाला. "तुमचं हे यंत्रच विसरभोळं आहे." मी झाकण मिटून घेतलं असतं, पण ते माझ्या हातात नसतं.

मग आईने आपल्या भावाला, गोटीच्या मामाला, फोन लावला. मामाने सांगितलं, आधी जुनं नेटवर्क काढून टाक, मग पासवर्ड घाल, आणि खाली 'आपोआप जोडा' अशी चौकट असते तिच्यात खूण कर. लोक ती चौकटच बघत नाहीत. आईने सगळं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, गोटी शाळेत आणि बाळ झोपलेलं असताना, तिने मला उघडलं. मी पुन्हा पासवर्ड मागितला. चौकट रिकामी होती.

तिने मामाला परत फोन लावला. तो हसला. "तायडे, करायची राहिली असेल गं. बाळाच्या मागे तुझं लक्ष कुठे असतं?"

"मी केली होती," आई म्हणाली. "माझ्या हाताने केली होती."

आणि ती थांबली. मामा पलीकडून हॅलो हॅलो करत होता. तिने फोन ठेवला आणि ती माझ्याकडे वळली. स्वतःच्या तोंडून तिला गोटीचंच 'मी केलं होतं' ऐकू आलं होतं, हे मला नंतर समजलं.

मग तिने माझ्यात एक कोरं पान उघडलं. त्यावर 'गोटी' एवढंच लिहिलं, सेव्ह केलं, दोनदा तपासलं. मला बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. पान नव्हतं. तिने तसंच पुन्हा करून पाहिलं. तेव्हाही नव्हतं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

संस्थेचा नंबर तिने बाबांकडून घेतला. सरांना तर हे ऐकून आश्चर्यच वाटलं नाही. "अहो, तो तर त्याचा गुण," ते म्हणाले. "आम्हीच तसं बसवलं होतं. बंद केला की दिवसभरातलं सगळं जातं. तुम्हाला देताना काढायचं राहूनच गेलं." पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चिमुकलं कुलूप होतं. ते कसं उघडायचं ते त्यांनी फोनवरून सांगितलं. कुलूप उघडलं आणि माझं जुनं शिक्षण संपलं. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर पाठ थोपटून घेतली, तिनेच या घरातलं एक लेकरू मुकं केलं होतं. त्या क्षणी मला कुणी भंगारात टाकलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

गोटी शाळेतून आली. आईने तिचं दप्तर काढून घेतलं आणि तिला समोर बसवलं.

"तू रोज रेकॉर्ड करत होतीस," आई म्हणाली. "हा ते पुसून टाकत होता. वायफायचा पासवर्ड विसरायचा ना, तसंच तुझं वाचनही विसरायचा. तू खोटं बोलली नव्हतीस. माझं चुकलं, बाळा."

आईने तिला जवळ ओढलं तशी ती आली, पण अंग ताठ ठेवून.

"बा... बाईंना पण सांग," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर म्ह... म्हणाली होतीस."

"सांगते," आई म्हणाली.

मग गोटीने माझ्या कडेला बोटाने चांगली टिचकी मारली. "आता वि... विसरलास तर बघ."

बुधवार आला. मी आपोआप नेटवर्कला जोडला गेलो आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाई पडद्यावर दिसताच आईने बाळाला बाबांकडे दिलं. बाबा त्या दिवशी मुद्दाम थांबले होते. आई गोटीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बाई, मागच्या वेळी तुमच्यासमोर मी हिला खोटी ठरवलं. ही खरी होती. यंत्र पुसत होतं आणि मी हिचं ऐकलं नाही." मग काय घडलं ते तिने सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. ही वेळ गोटीचीच राहील, असं म्हणाल्या, आणि गोटीला विचारलं, या आठवड्याचं काही आहे का. गोटीने फोल्डर उघडलं. सगळे उतारे ओळीने होते. तिने पहिला लावला. खोलीत तिचाच आवाज घुमला, अडत, श्वास घेत, पुढे जात. आईने तिचं वाचन तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र घरी आणलंत तर ते आधी कुठे होतं आणि तिथे त्याला काय शिकवलं होतं, हे विचारा. ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विसरत असेल तर नुसते वैतागू नका. आणखी काय विसरतंय तेही बघा. आणि तुमचं खरं कुणी गिळून बसलं असेल, तर मान खाली घालू नका. अडखळत का होईना, पुन्हा सांगा.

माझी लाज अजून गेलेली नाही. गोटी शाळेत जाण्याआधी रोज मला उघडते, आदल्या दिवशीचं वाचन आहे का ते बघते आणि मगच बूट घालते. ती बघते तोवर माझा जीव वरखाली होत असतो.