एक तास पुढचे घर

लिंबाची बी सातच्या बटणाखाली जाऊन बसली होती. पांढरी, ओलसर, अर्धीच दिसणारी. चोतोच्या रश्श्यावर लिंबू पिळताना उडाली असणार, कारण मुहतार आजही कामाच्या टेबलावरच जेवला होता, बायकोने, हस्नाने, दोनदा बाहेर बोलावूनही. दातकोरणीने ती उचलायला जावे तर ती आणखी आत सरके आणि स्क्रीनवर एक सात उमटे. मग दुसरा. मग तीन एकदम. अखेर बी दोन तुकड्यांत निघाली. उमटलेले सात एकेक करून पुसताना, ज्या ओळीच्या शेपटीला ते चिकटले होते ती ओळ त्याने सहज वाचली. महिन्यापूर्वी त्यानेच लिहिलेली : साडेसहा वाजता सर्व्हर किमान दोनशे चाळीस. तिच्या खाली दुसरी : आठ वाजता किमान बारा.

त्याने पुन्हा वाचली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वा वाजला होता.

सर्व्हर कुठल्याच गावचे घड्याळ मानत नाहीत, ते ग्रिनिचचे घड्याळ मानतात. जकार्ता त्याच्या सात तास पुढे, आणि तो बसला होता ते मकास्सर आठ. विद्यापीठांच्या प्रवेशाचा निकाल आज तीन वाजता होता, जकार्ताच्या तीन वाजता. तीनमधून सात तास वजा करायचे होते. त्याने आठ केले होते.

म्हणजे... पुस्तकात पान चुकल्यावर माणूस मागे जातो तसा तो बोटांवर मोजत मागे गेला. म्हणजे अडीचला, इथल्या अडीचला, दोनशे चाळीस सर्व्हर उभे राहणार, दीड तास रिकामे बसणार, आणि बरोबर चारला, तिकडे तीनचा ठोका पडून आठ लाख मुले एकाच क्षणी आपापला क्रमांक टाकतील नेमक्या त्याच क्षणी, आता गरज संपली असे समजून परत पाठवले जाणार. गर्दी दिसली की वाढ करण्याचा नियम होता, तोही त्यानेच लिहिलेला. पण नवा सर्व्हर उभा राहायला चार मिनिटे लागतात, आणि चार मिनिटे अडलेले मूल पुन्हा दाबते, पुन्हा दाबते, घरातले सगळे आपापल्या फोनवरून दाबू लागतात, आणि मग काहीच उभे राहत नाही.

दुरुस्ती एका अंकाची. पण मोठ्या दिवसाच्या दोन दिवस आधी कोड गोठवायचा असा जकार्ताच्या ऑफिसचा नियम होता. त्यानंतर एक अंक बदलायचा तरी तिथल्या प्रमुख बाईंची, बु किनासिहची, परवानगी हवी, आणि परवानगी मागायची तर कारण सांगायला हवे. काय सांगू? मकास्सरच्या घड्याळाने वजाबाकी केली म्हणून?

आठ महिन्यांपूर्वी, एकवीस वर्षांनी जकार्तातली भाड्याची खोली सोडून घरी राहून काम करण्याची परवानगी तिने दिली तेव्हा, वडीलधाऱ्याला तिकडे म्हणतात तसे बापाक म्हणत, ती हसत म्हणाली होती, "बापाक, एकच अट. राहा मकास्सरला, पण घड्याळ जकार्ताचं. तो तुमचा एक तास ज्या दिवशी आमच्या कामात शिरेल, त्या दिवशी तुमची खुर्ची परत इथं." आणि ऑफिसातला रांग्गा—तो तर कशावरही हसतो—म्हणाला होता, "बापाक भविष्यात राहायला चाललेत! आपण जेवायला उठू तोवर यांचं पचलेलं असेल." सगळे हसले. मुहतारही हसला. हसताना त्याने ती अट मात्र मनात जपून ठेवली होती, धमकीसारखी नव्हे, एखाद्या तिकिटासारखी, हरवू नये म्हणून...

थेट हाताने आकडा बदलता आला असता. किल्ली त्याच्याकडे होती. पण दर दहा मिनिटांनी एक पहारेकरी फेरी मारी. पहारेकरी म्हणजे एक छोटा प्रोग्राम. कोडमध्ये लिहिल्यापेक्षा प्रत्यक्षात काही वेगळे दिसले की तो मुकाट्याने ते पुसून कोडप्रमाणे करी, आणि हात कोणाचा होता ते नोंदवून ठेवी. हा पहारेकरी मुहतारचाच. चार वर्षांपूर्वी रांग्गाने घाईत हाताने एक आकडा बदलला होता आणि विसरला होता, त्यातून एक अख्खी सकाळ बुडाली होती. तेव्हा सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या मुहतारने उभे राहून सांगितले होते : जे लिहिलेलं नाही ते खरं नाही. टाळ्या पडल्या होत्या. नोकरीतल्या त्याच्या वाट्याच्या तेवढ्याच.

तरी त्याने हिशेब करून पाहिला. चारला हाताने वाढवायचे. पुढच्या फेरीत पहारेकरी पुसणार. की लगेच पुन्हा वाढवायचे. पुन्हा तो पुसणार... संध्याकाळपर्यंत आपल्याच पहारेकऱ्याशी हा लपंडाव खेळत बसलेला बावन्न वर्षांचा माणूस त्याला दिसला, आणि त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्याही खाली, काहीसे विचित्रपणे, त्या पहारेकऱ्याचा अभिमान वाटला. चांगला लिहिला होता. कुठे फटच ठेवली नव्हती.

बाहेर ओसरीवर कढईत तेल चुरचुरत होते. हस्ना जालांगकोते तळत होती. ऑर्डरी घेऊन ती हे करंजीसारखे पदार्थ विके. शेजारच्या दोन लग्नांत तिचेच होते. हे टेबल जिथे आहे तिथे पूर्वी तिच्या परातींची मांडणी असे. तो आला त्याच्या आदल्या दिवशी तिने ती ओसरीवर हलवली. बोलली काहीच नाही. एकवीस वर्षे तो ईदला दहा दिवस येई तेव्हा घर त्याच्यासाठी रुंद होई आणि तो गेला की पुन्हा आपल्या मापाचे होई. हे तिला कुणी लिहून दिले नव्हते. आता तो गेलाच नव्हता. रुंद झालेले घर किती दिवस तसे राहू शकते, याचा काही नियम... ती थकली असेल का? विचारावे असे त्याला अनेकदा वाटले होते, पण विचारणे हे त्याला कधी जमलेच नाही. तो कळवत आला होता. अमुक तारखेला येतो. अमुक तारखेला निघतो.

"डाएंग! आहात का, की यंत्रानं गिळलं?"

खिडकीत शेजारची डाएंग कानांग उभी होती. डाएंग हा इकडे बाई-पुरुष दोघांनाही लावायचा मानाचा शब्द. तिच्या फित्राचाही आज निकाल होता. कानांगच्या हातात चुरगळलेला कागद होता.

"नंबर आणलाय पोरीचा. तुम्ही आतल्या गोटातले, आत्ताच बघून सांगा की हळूच!"

"मला निकाल दिसत नाही हो," मुहतार म्हणाला. "मी फक्त... सगळ्यांना एकदम आत येता यावं म्हणून दार मोठं करतो."

"म्हणजे दारवान! इतकी वर्षं आम्ही समजत होतो साहेब आहात."

ओसरीवरून हस्ना ओरडली, "अगं, त्यांना घरचं फाटक नीट लावता येत नाही! परवा शेजारच्या बकऱ्या आत."

दोघी खिदळल्या. मग कानांगचा आवाज एकाएकी खाली आला. "मस्करी राहू द्या, डाएंग. दार नीट उघडेल ना? सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही पोरीनं."

"उघडेल," तो म्हणाला, आणि त्याच्या कानशिलांत गरम झाले.

अडीच वाजले. स्क्रीनवर हिरवे ठिपके उमटू लागले. वीस, साठ, शंभर दहा... आज्ञाधारकपणे, एक तास आधी, लग्नघरी कुणी जागे व्हायच्या आत येऊन पोचलेल्या पाहुण्यांसारखे. कुणालाच नाव नव्हते. पूर्वी असे. जकार्ताला तो लागला तेव्हा एका गार खोलीत सात यंत्रे होती आणि त्यांना त्याने माशांची नावे दिली होती : काकाप, बारोनांग, चाकालांग. चाकालांग तापट होते, त्याला मागून हाताने वारा घालावा लागे. आता ठिपके येतात, काम करतात, जातात. आणि जाताना कोणी आधी जायचे तेही लिहिलेले असते—सर्वांत जुना आधी. ते लिहिताना त्याला काहीच वाटले नव्हते. आता तरी वाटते का? की वाटायला हवे म्हणून मी वाटवून घेतो आहे?

तीन वाजले. सव्वातीन. परवानगी, दुरुस्ती, दुसऱ्या माणसाची मान्यता : अर्धा तास तरी हवा. गप्प बसले तरी कळणारच होते, नाव तर ओळीपुढेच होते. पण मग ते चारनंतर कळले असते, आणि चारपर्यंत तो इथलाच राहिला असता. पाऊण तास. पाऊण तासासाठी आठ लाख मुले... आठ लाख म्हटले की काहीच दिसत नाही, म्हणून त्याने पाणी न प्यायलेली ती एक मुलगी डोळ्यांपुढे आणली, आणि फोन उचलला.

"बु किनासिह, मुहतार बोलतोय."

"बोला बापाक. तुम्ही फोन केलात म्हणजे काहीतरी जळतंय."

"अजून नाही. चारला जळेल. म्हणजे... तुमच्या तीनला."

त्याने सांगितले. सुसूत्र नाही, पण सगळे. पलीकडे बटणांचा आवाज आला, मग तोही थांबला.

"आठ वजा केलेत?"

"हो."

"तुम्ही? रांग्गानं केलं असतं तर मी हसले असते. तुम्ही, बापाक?"

त्याने बीचे दोन तुकडे बोटाने टेबलाच्या कडेला सरकवले.

"वाढ झाली आहे, ती राहू दे. उतरायची वेळ आठची अकरा करा. परवानगी दिली. रांग्गा, ते खाणं ठेव बाजूला, बापाकांचा बदल येतोय, वाच आणि मान्यता दे. हसू नकोस, वाच!" मग फोन जवळ घेऊन, हळू : "सोमवारी बोलू आपण. तुम्ही कुठं बसायचं त्याविषयी."

"हो."

"सांगितलंत हे..." ती म्हणाली, आणि वाक्य पुरे न करताच फोन ठेवला.

आठचे अकरा झाले. रांग्गाची मान्यता आली, शेवटी एक हसरा चेहरा जोडलेली. पहारेकरी फेरी मारून गेला. लिहिलेले आणि असलेले यांत आता काही फरक नव्हता.

मुहतारने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. जकार्तातल्या एकवीस वर्षांत या हाताने न विचारता, झोपेतही, सात वजा केले होते. शेकडो वेळा. मग आठ कधी करू लागला? त्याला कुणी सांगितले? घरी आल्यापासून मुहतार स्वतः रोज सकाळी उठताना क्षणभर अंदाज घेई—मी कुठे आहे, किती दिवसांसाठी—आणि हा हात मात्र केव्हाच येऊन स्थिरावला होता, बिनदिक्कत, मालकासारखा. महिन्यापूर्वी या हाताने जे लिहिले त्याची कुणाला, खुद्द धन्यालाही, वर्दी दिली नव्हती. मुहतार खरोखर घरी आला आहे याचा या चुकीखेरीज दुसरा पुरावा कुठे होता? आणि हा होता तो नेमका त्याला परत नेणारा...

तो उठून ओसरीवर गेला. हस्नाने मान वर केली नाही. पारीच्या कडेला मुरड घालत होती. अंगठा, बोट, अंगठा.

"कदाचित जकार्ताला परत जावं लागेल," तो म्हणाला.

अंगठा थांबला.

"कधी?"

एवढेच. त्या दोन अक्षरांत त्याने सुटकेचा निःश्वास शोधला, धास्ती शोधली, आवाज पुन्हा पुन्हा मनात फिरवून पाहिला. काहीच हाती लागेना. सोमवारी कळेल, असे तो सांगणार होता. तारीख कळवणार होता, नेहमीप्रमाणे. पण त्याच्या तोंडाशी दुसरेच काही आले होते, अनोळखी, जड : हस्ना, मी राहू का? ते उच्चारले तर ती काहीही म्हणू शकली असती. तो तसाच उभा राहिला, आणि आत कुठेतरी सोमवार, जकार्ता, ती खुर्ची, सगळे लहान लहान होत गेले. भीती तेवढी राहिली, पण ती आता त्यांची नव्हती, तिच्या उत्तराची होती.