कलशात उतरलेला ढग

माझी नात पूर्वा हिचा साखरपुडा झाला ते साल २०२३. त्याच उन्हाळ्यात वारज्यात एक महाराज आले आणि ढग पकडू लागले.

मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिच्यासमोर सकाळपासून गर्दी जमायची. कुरडया घालणाऱ्या बाया, केटरिंगवाले, लग्नाच्या लॉनचे मॅनेजर, क्रिकेटची टूर्नामेंट भरवणारी आयटीतली मुलं. धास्ती सगळ्यांना एकच, वळवाची. दुपारी चारपर्यंत कडक ऊन, साडेचारला आभाळ काळं, पाचला मांडव आडवा. हवामान खातं काय सांगायचं? ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता.’

“तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे?” एक मॅनेजर म्हणायचा. “पत्ता द्या, आम्ही तिथे लग्न ठेवत नाही.”

महाराजांकडे शक्यता वगैरे काही नव्हतं. चौरंगावर तांब्याचा कलश, वर आंब्याची पानं, पानांवर नारळ. महाराज डोळे मिटून आभाळाकडे हात करायचे आणि पुटपुटायचे. थोड्या वेळाने कोरड्या कलशावर बारीक थेंब दिसू लागायचे, मोठे व्हायचे, ओघळायचे. बाया हात जोडायच्या.

“बघा, उतरला,” महाराज म्हणायचे. “आजचा ढग कलशात बसला. आता वारज्यात एक थेंब नाही. खातं यंत्राला विचारतं, मी ढगाला विचारतो. फक्त कलशाला शिवायचं नाही. शिवलात की ढग सुटला.”

आणि खरंच, बहुतेक दिवस वारजं कोरडं राहायचं. ज्या दिवशी झोडपलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी महाराज गर्दीवरून नजर फिरवायचे. “काल इथे कुणीतरी मांसाहार करून आलं होतं. ढगाला वास सहन झाला नाही.”

आमच्या शेजारच्या हुस्नबानू गच्चीवर शेवया वाळवायच्या. त्या मला म्हणाल्या, “वेणूबाई, म्हणजे मी जेवले की पुण्यात पाऊस पडतो. खात्याला कळवा, मला नोकरीवर घेतील.”

मीही हसले असते, पण माझा धाकटा भाऊ संभाजी महाराजांचा पक्का भक्त झाला होता. संभाजीचा मांडवाचा धंदा. वय सहासष्ट, तरी पाइपांच्या सांगाड्यावर माकडासारखा चढायचा. मोकळं मैदान, लोखंडी पाइप आणि सगळ्यात उंचावर हा. पूर्वी ढग गुरगुरला की तो माणसांना खाली घ्यायचा. महाराज आल्यापासून उतरेना.

एकदा मी त्याचा डबा घेऊन गेले तेव्हा सिंहगडाच्या बाजूला वीज चमकत होती.

“संभा, उतर खाली.”

“अक्का, ढग कलशात बसलाय,” तो वरूनच म्हणाला. “डबा ठेव तिथे. उन्हात उभी राहू नकोस.”

“ऊन कुठे राहिलंय? आणि ढग कलशात आहे, तर गुरगुरतंय काय?”

“रिकामं आभाळ गुरगुरतं.”

त्याच्या हाताखालची दोन्ही पोरंही त्याच्या मागे सांगाड्यावर चढलेली होती. मी तो गडगडाट थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले. पाऊस आला नाही. संभाजी विजयी चेहऱ्याने खाली उतरला. मला त्या चेहऱ्याचीच जास्त भीती वाटली.

मी वाचायला पन्नाशीत शिकले, त्यामुळे वर्तमानपत्रातला एकही शब्द सोडत नाही. माझ्या लक्षात आलं, की छापील अंदाजात ‘शक्यता’ असली की त्या दिवशी कलश पाझरतो. नसली की महाराज म्हणतात, आज ढग विश्रांती घेतोय. म्हणजे ते खात्याचाच अंदाज वापरत होते. फक्त त्यातली शक्यता पुसून तिथे ‘नक्की’ लिहीत होते.

पण कलशाचं पाणी? ते मी पूर्वाला विचारलं. ती शाळेत विज्ञान शिकवते.

“आजी, फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की काय होतं?”

“ओली होते.”

“आत ढग असतो का?”

पुढचं मला सुचलं. ‘शिवायचं नाही’ हे शब्द आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेत. पाण्याजवळ बसून कुणी ते शब्द म्हणू लागला, की माझा हात आधी पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी अंदाजात शक्यता होती. मी, पूर्वा आणि हुस्नबानू, आम्ही तिघी शेडवर गेलो. संभाजी पुढेच बसला होता. कलश पाझरू लागला, लोकांनी हात जोडले. मी उठले आणि चौरंगापाशी जाऊन दोन्ही तळवे कलशावर ठेवले.

पुढच्या बाया मागे सरकल्या.

“अक्का, काय केलंस हे?” संभाजी पुटपुटला.

“ये, तूही हात लाव. गार आहे. उन्हाळ्यात बरं वाटतं.”

“बाई, अनर्थ होईल,” महाराज उठत म्हणाले. “ढग सुटला तर मी जबाबदार नाही.”

“नसालच. कधी होतात?” मी नारळ उचलला, पानं बाजूला केली. आत तोंडापर्यंत बर्फ. हुस्नबानूंनी वाकून पाहिलं, एक तुकडा उचलला. त्याला माशाचं खवलं चिकटलं होतं. महाराजांचा शिष्य कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडून बर्फ आणत असणार.

“ढगात मासे असतात, हे मला नवीन,” हुस्नबानू म्हणाल्या.

आधी मॅनेजर हसला, मग सगळी शेड. एकेक जण येऊन कलशाला हात लावून जाऊ लागला. पूर्वाने पिशवीतून घट्ट बूच लावलेली गार बाटली काढून चौरंगावर ठेवली. फडक्याने कोरडी केली, ती परत ओली झाली.

“हे पाणी आतून झिरपत नाही,” ती म्हणाली. “हवेत वाफ असतेच. गार भांड्याला लागली की तिचं पाणी होतं. माझ्या सहावीतल्या मुलांना येतं हे. ती नारळ ठेवत नाहीत, एवढंच.”

महाराज शिष्याला शोधत बाहेर गेले, ते परत आले नाहीत.

संभाजी मात्र हलला नव्हता. “पूर्वा, बर्फ तर बर्फ. पण इतक्या वेळा पाऊस चुकला, तो कसा?”

“आबा, पिठलं रटरटायला लागलं की बुडबुडे येणार हे कळतं. नेमका कुठे फुटेल ते सांगता येतं का? वळवाचे ढग तसेच. मंडईत धो धो पडतो आणि नारायण पेठेत लोक गच्चीवर पापड उलटत असतात. बहुतेक ढग आपल्याला चुकवूनच जातात. महाराज असोत नसोत.”

“मग ती शक्यता घेऊन मी करू काय? लॉनवाल्याला काय सांगू?”

“सांग की गडगडलं, म्हणून उतरलो,” मी म्हटलं. “शक्यता तेवढ्यासाठीच असते. कान उघडे ठेवायचे, आवाज आला की पक्क्या इमारतीत जायचं. झाडाखाली नाही, पत्र्याखाली नाही.”

त्याच दिवशी दुपारी गडगडलं. संभाजी कुरकुरत उतरला, पोरांना घेऊन लॉनच्या ऑफिसात जाऊन बसला. थेंबही पडला नाही.

“वेळ फुकट गेला, अक्का.”

“जाऊ दे.”

त्या मोसमात तो पुष्कळदा उगाच उतरला. प्रत्येक वेळी मला फोन करून दोन शब्द सुनवायचा, मी ऐकून घ्यायचे. मेच्या अखेरीस एका संध्याकाळी त्याचा फोन आला. वीज सांगाड्यावर पडली होती. ज्या कमानीवर तो मघाशी बसला होता तिचं कापड जळालं होतं. माणसं सगळी ऑफिसात चहा पीत होती.

वाचकहो, ‘कदाचित’ म्हणणाऱ्यावर चिडू नका. त्याला जेवढं कळतं तेवढंच तो सांगतो. आणि ‘नक्की’ म्हणणारा भेटला, तर त्याचं भांडं उघडून बघा, हात लावून बघा. तो लावू देत नसेल, तर उत्तर मिळालंच.

माझा भाऊ संभाजी ११ जानेवारी २०२५ रोजी वारला. हृदयविकाराने, दुपारी जेवण झाल्यावर, स्वतःच्या घरात, अंथरुणावर.