पिशवीतला फोन

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि चोपड्याजवळची एक केळीची बाग समोर आणा. घड हिरवे असताना कापले, तर ट्रक ते दूरदूर नेतो. झाडावरच पिवळे पडले, तर व्यापारी ढुंकूनही बघत नाही. आता समजा, आख्खी बाग पिवळी पडली आहे आणि ठपका तुमच्यावर आला आहे.

ऋतिकावर तसाच आला होता. हल्ली कापणीचा नंबर फोनवरच्या ॲपमधून लावावा लागे आणि म्हातारी माणसं गल्लीतल्या पोरांना हाक मारून बटण दाबून घेत. शेजारच्या तोतारामआबांच्या फोनवर ऋतिकाने बटण दाबलं, चक्र फिरू लागलं, तशी ती "झालं, आबा!" म्हणत खेळायला पळाली. नंबर लागलाच नव्हता, म्हणून ट्रक आला नाही आणि घड झाडावरच पिकले.

"निंबाभाऊ, तुनी नात खोटं बोलस," आबा तिच्या आजोबांना, नानांना, चारचौघांत म्हणाले. त्यानंतर तिला कुणी हाक मारली नाही.

रविवारी मयुरीआत्या जळगावहून आली. ते ॲप तिच्याच ऑफिसात बनलेलं. तिने आपल्या नव्याकोऱ्या फोनवर करून दाखवलं. "बघ, चालतंय की! तू नीट दाबलं नसशील."

"दाबलं होतं!" ऋतिकाचा आवाज चिरकला.

"बरं, रडू नको. ऑफिस आता ॲप तपासायला फोन विकत घेणार आहे. कोणते घ्यायचे ते मी ठरवायचं. हे बघ, कसले झकास आहेत!"

ऋतिकाने चित्रं पाहिली. "यातला एक तरी पिशवीत शे का?"

"पिशवीत आहे का? म्हणजे?"

नानांनी खिशातून आपला फोन काढला. केळीचा चीक लागू नये म्हणून बागेत जाणारे बहुतेकजण फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवत. आत्याने पिशवीवरून बटण दाबलं. काहीच झालं नाही. जोरात दाबलं, तेव्हा चक्र फिरलं आणि फिरतच राहिलं. पिशवी काढली, तरी त्या जुन्या फोनला ॲप पेलेना.

आत्याचा चेहरा उतरला. "आम्ही असा फोन हातातच घेतला नाही. ज्यावर बिघडलं, तो फोनही बघायला हवा. नाहीतर आबांची दुसरी बागसुद्धा जाईल."

"तोताराम तुले दारात उभं करनार नही," नाना म्हणाले. "मलेबी नही."

ऋतिका उठली आणि चपला अडकवून एकटीच निघाली.

आबा ओट्यावर बसले होते. तिला बघून त्यांनी मान फिरवली. तरी ती पायरीपाशी थांबली.

"आबा, बटण मी दाबलं होतं. नंबर लागला का ते न बघताच 'झालं' म्हणाले, ते माझं चुकलं. तुमचा फोन आत्याला बघायला द्या."

आणि तिने हात पुढे केला.